डावा पाय, माप तेवीस

बाट्टामबाँगच्या आमच्या कारखान्यात
पाय तयार होतात.
आधी प्लास्टरचा साचा, मग भट्टीत मऊ केलेलं प्लास्टिक,
खाली रबराचा पंजा. तो एकाच रंगात येतो,
पाचही बोटं जुळलेली.

बाहेर बाकावर लोक वाट बघतात.
बोलायला एकच विषय :
माझाच का.

म्हातारी होम म्हणते, मागच्या जन्मी मी
कोंबड्यांचे पाय बांधून बाजारात नेत असणार, उलट्या टांगून.
तिला ते नीट आठवतं, सुतळीचा रंगसुद्धा.
हिशेब लागला की झोप लागते, म्हणते.
तिची झोप मोडणारा मी कोण?

सारुन थुंकतो.
ज्यांनी हे सगळं केलं
त्यांचे दोन्ही पाय शाबूत, वर बुडाखाली गाडी.
तुमची ती वही कुठल्या सावकाराकडे असते
ते तरी सांगा एकदा.

भन्ते विसोथ स्वतःचाच पाय दुरुस्तीला घेऊन आलेले,
चीवर गुडघ्यापर्यंत खोचलेलं.
म्हणाले, कर्म म्हणजे मनानं धरलेला रोख.
अंगावर येतं ते सगळंच कर्माचं नसतं.
पित्त असतं, वारा असतो, ऋतू पालटतो,
दुसऱ्याचा हात असतो.
पाऊस पडला तर कुणाचं पाप शोधता का?

शोधतो की, होम म्हणाली.
बाक हसला. भन्तेही.

मग चानरिआनं विचारलं, वय वर्षं बारा,
बांबूचे कोंब आणायला गेली होती :
आणि आमची म्हैस?
म्हैस पुढे होती.
तिनं काय केलं होतं?

होमनं तोंड उघडलं, मिटलं.
पंख्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

मी आतून ऐकत होतो, हातात पाना.
अठराव्या वर्षी मलाही एक पिशवी दिली होती कुणी.
आमच्याकडे भाताची लावणी करताना
उलटं चालतात,
रोप खोचायचं, एक पाऊल मागे.
तसाच गेलो मी बांबूच्या बेटाकडेनं,
खोचत, मागे सरकत,
स्वतःच्या पायांना फार जपत.
पेराल तसं उगवतं म्हणतात.
कुणाच्या पायाखाली, ते म्हणत नाहीत.

कुठलं बेट गं, मी तिला विचारलं.
ओढ्याकडचं की डोंगराकडचं?
तिनं सांगितलं.
मी स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळला,
मग परत सैल केला.

संध्याकाळी भन्तेंना गाठलं. म्हटलं,
माझे दोन्ही आहेत.
ते बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिले.
तेव्हा मनात काय होतं?
भीती. भूक.
आणि?
आणि थोडी मजा. ओल्या मातीत बोट घालायची.
ती मजा विसरू नकोस, म्हणाले.
आणि हे पाय बनवतोस ते
फेडायला, की तिनं चालावं म्हणून?
रोज वेगळं असतं, भन्ते.
त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
अंधारात कळलं नाही.

चानरिआ दोन दांड्यांच्या मधून चालली.
म्हणाली, डावा लांब झालाय.
बरोबर होतं. तीन मिलीमीटर.
मी कानशीनं घासला. भुगा पायजम्यावर पडत राहिला,
झटकला नाही.

महिन्यानं आली तेव्हा
रबरी नखांना लाल पॉलिश,
आणि बोटांच्या मधे पेननं
काळ्या रेघा ओढलेल्या, जोर देऊन.
आता पाच आहेत, म्हणाली. मोजा.

मोजली.
सहा महिन्यांनी परत ये, म्हटलं.
तुझा उजवा आपोआप वाढेल.
डावा मला वाढवावा लागणार.